४ जीबी रॅमवर सगळं गोठतंय: स्वॅप बंद करू की झेडरॅम लावू?

उघडे_टॅब

नमस्कार मंडळी. जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅम, आणि आत अजून ती गरगर फिरणारी हार्ड डिस्कच आहे. त्यावर लिनक्स मिंटचं एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) टाकून वापरतोय. एरवी छान चालतो, पण ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब उघडे असताना लिब्रेऑफिस उघडलं किंवा व्हिडिओ कॉल जोडला की सगळं गोठतं. म्हणजे आधी माउस धक्के खात सरकतो, मग तोही थांबतो, वरचं घड्याळ पुढे जात नाही, डिस्कचा दिवा मात्र अखंड पेटलेला. कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबून दुसऱ्या कन्सोलवर जायला बघावं तर युजरनेम विचारेपर्यंतच इतका वेळ जातो की शेवटी पॉवरचं बटण दाबून धरावं लागतं.

नेटवर शोधलं तर एकाचं एक, दुसऱ्याचं भलतंच. काही जण म्हणतात स्वॅप (रॅम भरली की तिच्यातला डेटा ठेवायची जागा) हार्ड डिस्कवर आहे म्हणूनच हे होतं, स्वॅप बंद करून टाक, मशीन फक्त रॅमवर चालेल. काही म्हणतात झेडरॅम लाव. आणखी एकीकडे लिहिलंय स्वॅपिनेस नावाची सेटिंग १० कर. तिन्ही एकदम करायचं का? आणि झेडरॅम म्हणजे रॅमचाच तुकडा घेऊन त्यात स्वॅप करायचा ना, मग मुळात कमी असलेल्या रॅममधूनच आणखी रॅम काढून फायदा कुठून होणार हे काही डोक्यात शिरत नाहीये.

रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आहे, त्यामुळे "रॅम वाढव" हे उत्तर प्लीज नको.

---

हलकंफुलकं

एक्सएफसीई पण आता पूर्वीसारखं हलकं राहिलेलं नाही भाऊ. एलएक्सक्यूटी टाक, नाहीतर डेस्कटॉपच नको, नुसता ओपनबॉक्स किंवा आय३ वापर. मी वर्षानुवर्षं आय३ वर आहे, बूट झाल्यावर जेमतेम काही रॅम जाते. आणि स्वॅप हार्ड डिस्कवर असेल तर बंदच केलेलं बरं, हे माझं पण मत.

---

पान_नंबर_शून्य

हलकंफुलकं, डेस्कटॉप बदलून दोनतीनशे एमबी वाचतील, मान्य, पण तेवढी रॅम आजकालचा एखादा मेलचा टॅब एकटा खातो. म्हणजे दोन टॅब जास्त उघडता येतील आणि तिसऱ्याला परत तेच. आय३ चांगलंच आहे, फक्त या दुखण्यावर ते औषध नाही.

आणि स्वॅप बंद करू नका. हा सल्ला इतक्या ठिकाणी इतक्या खात्रीने लिहिलेला असतो की खरा वाटतो, पण त्याने हे गोठणं जात नाही, उलट वाढतं. का ते सांगते, थोडं लांबेल.

रॅममध्ये ढोबळमानाने दोन प्रकारची पानं असतात (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीचा हिशेब ४ केबीच्या पानांत करतं). एक म्हणजे प्रोग्रामने स्वतः तयार केलेला डेटा, टॅबमधलं पेज, तुमचं न सेव्ह केलेलं डॉक्युमेंट वगैरे. याची प्रत डिस्कवर कुठेच नसते. दुसरी म्हणजे डिस्कवरच्या फाइलींमधून आलेली पानं, आणि यात ब्राउझरचा स्वतःचा कोड, लायब्रऱ्या, डेस्कटॉपचा कोड हे सगळं आलं. रॅम भरली की कर्नलला काहीतरी बाहेर काढावंच लागतं. पहिल्या प्रकारचं पान काढायचं तर ते स्वॅपमध्येच लिहावं लागतं, कारण दुसरी जागाच नाही. दुसऱ्या प्रकारचं पान नुसतं टाकून देता येतं, हवं तेव्हा फाइलीतून परत वाचलं की झालं.

आता स्वॅप बंद केलंत तर काय झालं? तुम्ही आठवडाभर न बघितलेल्या टॅबचा डेटा रॅममध्ये कायमचा अडकला, तो हलवायचा रस्ताच बंद. मग कर्नल जे टाकता येतं तेच टाकतं, म्हणजे चालू प्रोग्रामचा कोड, आणि तो कोड तर पुढच्याच क्षणाला लागणार असतो, तो परत डिस्कवरून वाचला, त्यासाठी जागा करायला दुसरा कोड टाकला, तो पण लगेच लागला, आणि हे चक्र सुरू. म्हणून स्वॅप शून्य असताना पण डिस्कचा दिवा पेटलेलाच राहतो आणि लोक चक्रावतात. याला थ्रॅशिंग म्हणतात. कन्सोलवर लॉगिन येत नाही तेही यामुळेच, लॉगिनच्या प्रोग्रामचा कोडसुद्धा डिस्कवरून वाचायच्या रांगेत उभा असतो.

स्वॅपिनेस १० म्हणजे हाच सल्ला जरा सौम्य करून. तो आकडा "किती टक्के रॅम भरली की स्वॅप सुरू" असा अजिबात नाहीये, भलेभले असंच समजतात. पहिल्या प्रकारची पानं काढणं आणि दुसऱ्या प्रकारची काढणं यात कर्नलने झुकतं माप कुणाला द्यायचं एवढंच तो सांगतो. डिफॉल्ट ६० असतो.

आता हार्ड डिस्क इतकी का मारते ते बघा. फिरणाऱ्या डिस्कला इथून तिथून उड्या मारत वाचायला एका वेळेला साधारण १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला शंभरेक वाचनं. प्रत्येक वाचनात एकच ४ केबीचं पान आलं तर सेकंदाला ४०० केबी झाले. या वेगाने ५०० एमबी परत रॅममध्ये आणायला वीस मिनिटं लागतील! कर्नल शहाणं आहे, ते एका वेळी शेजारची मिळून ८ पानं उचलतं, पण शेजारची पानं कामाचीच निघतील असं थोडंच आहे.

तर तुमच्या मशीनला स्वॅप हवंय, फक्त ते डिस्कवर जायच्या आधी दुसरीकडे कुठेतरी थांबलं पाहिजे, आणि झेडरॅम तेच करतं. पण त्याच्या आधी खरंच हेच होतंय का ते एकदा बघून घ्या. टर्मिनलमध्ये फ्री कमांड हायफन एच लावून चालवा आणि व्हीएमस्टॅट १ चालू ठेवून नेहमीचे टॅब उघडत जा. फ्रीमध्ये "फ्री" हा कॉलम बघू नका, तो कमी असणं नॉर्मल आहे, कॅशमुळे. "अव्हेलेबल" बघा. आणि व्हीएमस्टॅटमधले एसआय, एसओ (स्वॅपमधून आत आलेलं आणि स्वॅपमध्ये गेलेलं) आणि डब्ल्यूए हे कॉलम इथे टाका.

---

उघडे_टॅब

बापरे, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. चालवून बघितलं.

एकूण रॅम ३.७ जीबी दिसतेय (ग्राफिक्स चिप रॅममधलाच वाटा खाते बहुतेक). गोठायच्या जरा आधी अव्हेलेबल १८० एमबी होतं, २ जीबीच्या स्वॅप फाइलीत १.९ भरलेलं. व्हीएमस्टॅटमध्ये एसआय आणि एसओ दोन्ही हजारांत उड्या मारतायत, डब्ल्यूए ७०-८० च्या खाली येत नाही, सीपीयूचा यूएस कॉलम मात्र ५-६. म्हणजे सीपीयू नुसता बसून आहे?

---

पान_नंबर_शून्य

बसून आहे, डिस्कची वाट बघत. डब्ल्यूए म्हणजे तेच. निदान पक्कं.

आता तुमच्या झेडरॅमच्या शंकेचं. रॅममधलाच तुकडा घेतो हे बरोबर, पण त्यात पान जातं ते कॉम्प्रेस होऊन. ब्राउझरच्या डेटात रिकामी आणि एकसारखी पानं भरपूर असतात, त्यामुळे साधारण दुप्पट-तिप्पट दाबलं जातं. म्हणजे १.५ जीबीची पानं आत गेली तर जागा लागली ५००-७०० एमबी, बाकीची रॅम मोकळी झाली. आणि सांगितलेली साइझ आधीच अडवून ठेवली जात नाही हे महत्त्वाचं. २ जीबीचं झेडरॅम बनवलं आणि त्यात काहीच गेलं नाही तर ते जवळजवळ शून्य जागा घेतं. पान परत हवं झालं तर सीपीयू ते उलगडून देतो, हार्ड डिस्कच्या मानाने ते हजारो पट लवकर होतं आणि सीपीयू तर तुमच्याकडे रिकामाच आहे.

हे काही नवीन खूळ नाही. झेडरॅम २०१४ मध्ये ३.१४ कर्नलबरोबर स्टेजिंगमधून (कर्नलच्या कच्च्या कोडच्या विभागातून) बाहेर आलं, फेडोराने (लिनक्सचाच एक प्रकार) २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपवर डिफॉल्टच करून टाकलं.

मिंटवर झेडरॅम-टूल्स हे पॅकेज घ्या. त्याची सेटिंग ईटीसीमधल्या डिफॉल्ट फोल्डरात झेडरॅमस्वॅप नावाच्या फाइलीत असते. त्यात अल्गोरिदम (दाबायची पद्धत) झेडएसटीडी, पर्सेंट ६० आणि प्रायॉरिटी १०० ठेवा. ओळीच्या सुरुवातीचा हॅश काढायला विसरू नका, तो असेल तर ओळ लागूच होत नाही, आणि "लावलं पण फरक नाही" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं कारण मला वाटतं हेच असतं. मग झेडरॅमस्वॅप सर्व्हिस रिस्टार्ट करा आणि झेडरॅमकंट्रोल चालवून साइझ खरंच बदलली का ते बघा.

डिस्कवरची स्वॅप फाइल काढू नका, असू दे. तिची प्रायॉरिटी उणे असते, त्यामुळे आधी झेडरॅम भरेल आणि अगदीच गळ्याशी आलं तर डिस्क.

शेवटचं म्हणजे आता स्वॅपिनेस वाढवायचा, कमी नाही करायचा. ५.८ कर्नलपासून तो २०० पर्यंत जातो. १०० च्या वर म्हणजे "स्वॅप करणं हे फाइल परत वाचण्यापेक्षा स्वस्त आहे" असं कर्नलला सांगणं, आणि झेडरॅम असेल तर ते खरंच आहे. मी १५० ठेवते, काही जण १८० ठेवतात. हा आकडा सिसकंट्रोल डॉट डी फोल्डरातल्या फाइलीत लिहायचा, झेडरॅमस्वॅपच्या नाही. त्याच फाइलीत पेज-क्लस्टर ० करा, कारण ती ८ पानं एकदम उचलायची युक्ती फिरणाऱ्या डिस्कसाठी होती, झेडरॅममध्ये शेजारची पानं फुकट उलगडत बसायचं काही कारण नाही.

---

मध्येच_बोलतो

मी जरा वेगळं सांगतो. झेडरॅम लावा, नक्की लावा, पण त्याने भिंत मागे सरकते, नाहीशी होत नाही. टॅबवाला माणूस टॅब उघडणारच (राग नको मानू मित्रा). मग परत एक दिवस तेच. खरा प्रॉब्लेम हा आहे की लिनक्सचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) फार उशिरा जागा होतो. जोपर्यंत एकेक पान का होईना सुटतंय तोपर्यंत कर्नलला वाटतं चाललंय की काम, आणि तोपर्यंत माणसाने बटण दाबलेलं असतं.

म्हणून अर्लीओओएम टाक. छोटासा प्रोग्राम आहे, रॅम आणि स्वॅप दोन्ही १० टक्क्यांच्या खाली गेले की सगळ्यात जड प्रोसेसला नीट बंद व्हायचा सिग्नल देतो, दोन्ही ५ च्या खाली गेले तर सरळ उडवतो. ब्राउझरमध्ये बहुतेक वेळा एखादा टॅबच जातो, रीलोड केला की परत. अख्खं मशीन जाण्यापेक्षा एक टॅब गेलेला परवडला.

---

सेव्ह_केलं_का

बहुतेक वेळा टॅब जातो, आणि उरलेल्या वेळी?

मला हे आपोआप मारणारे प्रोग्राम पटत नाहीत. उबुंटू २२.०४ मध्ये सिस्टीमडी-ओओएमडी डिफॉल्ट चालू करून दिलं होतं तेव्हा आठवतंय का किती ओरड झाली, रॅम बऱ्यापैकी मोकळी दिसत असताना अख्खा ब्राउझर गायब व्हायचा, एक टॅब नाही, सगळा ब्राउझर. कोणतं काम महत्त्वाचं हे मशीनला काय कळणार.

---

मध्येच_बोलतो

ओओएमडीची गोष्ट वेगळी आहे, दोघांना एका माळेत नको. ते एक प्रोसेस मारत नाही, अख्खा सीग्रुप (एकत्र बांधलेल्या प्रोसेसचा गट) मारतं, आणि ब्राउझरचे सगळे टॅब एकाच सीग्रुपमध्ये, म्हणून सगळे एकदम जायचे. शिवाय ते कर्नलच्या पीएसआय आकड्यांवर (मेमरीसाठी कामं किती वेळ अडकली ते सांगणारे) किंवा स्वॅप किती भरलं त्यावर ठरवतं, नुसती रॅम किती उरली यावर नाही, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला वाटतं विनाकारण मारलं. अर्लीओओएम एकेक प्रोसेस बघतं आणि त्याला "अव्हॉइड" आणि "प्रेफर" असे दोन पर्याय देता येतात. लिब्रेऑफिसची प्रोसेस आणि एक्सऑर्ग (स्क्रीनवर सगळं दाखवणारा प्रोग्राम) अव्हॉइडमध्ये टाकायच्या, ब्राउझरच्या टॅबच्या प्रोसेस प्रेफरमध्ये. मशीनला कळत नाही हे खरं, पण सांगता येतं ना.

बाय द वे पीएसआय ही फार कामाची चीज आहे. प्रॉकमध्ये प्रेशर नावाचं फोल्डर आहे, त्यातली मेमरी ही फाइल कॅटने वाचा. "फुल" च्या ओळीत अॅव्हरेज१० समोर ३० आकडा असेल तर गेल्या दहा सेकंदांपैकी ३० टक्के वेळ चालू असलेली सगळी कामं मेमरीसाठी अडकून होती. २०१८ अखेरच्या ४.२० कर्नलपासून आहे. फ्री कमांडच्या आकड्यांपेक्षा मशीनची खरी हालत यातून जास्त कळते.

---

सेव्ह_केलं_का

अव्हॉइडचं माहीत नव्हतं, ते ठीक वाटतंय. तरी मी उलट बाजूने जातो, आजारी पडायची वाट बघण्यापेक्षा ब्राउझरलाच वेसण घालायची. सिस्टीमडी-रन ही कमांड युजर आणि स्कोप लावून, मेमरीहाय २ जीबी देऊन ब्राउझर सुरू करायचा. तो त्याच्या वर गेला की कर्नल त्याचीच पानं काढायला लागतं आणि त्यालाच हळू करतं. रडायचं तर ब्राउझर एकटा रडतो, बाकी डेस्कटॉप, टर्मिनल, लिब्रेऑफिस चालू राहतं. मेमरीमॅक्स नका देऊ पण, तिथे पोचला आणि पानं काढूनही भागलं नाही की सरळ उडतो. लाँचरच्या डेस्कटॉप फाइलीत ही कमांड टाकून ठेवली की झालं, रोज टाइप करावी लागत नाही.

---

हलकंफुलकं

इतकं सगळं करण्यापेक्षा टॅब कमी उघडा की राव 😄

बरं, गंमत सोडा, फायरफॉक्स असेल तर अॅड्रेस बारमध्ये अबाउट कोलन अनलोड्स टाइप करा, कोणते टॅब मेमरीतून काढता येतील त्याची यादी आणि काढायचं बटण तिथेच मिळतं. अबाउट कोलन प्रोसेसेसमध्ये कोणता टॅब किती खातोय ते दिसतं. क्रोमियमवाल्यांना शिफ्ट एस्केप. आणि फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन (जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन) नसेल तर आधी ते टाका, जाहिरातींच्या स्क्रिप्ट जितकी मेमरी खातात तितकी मूळ पेज पण खात नाही कधीकधी. स्वॅप बंद करायचं माझं मत मागे घेतो, ते कोड टाकून परत वाचायचं गणित मला माहीत नव्हतं.

---

बटण_दाबू_नका

पॉवरचं बटण दाबून धरायच्या सवयीबद्दल. ऑल्ट, सिसआरक्यू आणि एफ एकत्र दाबलं की कर्नल त्याच क्षणी ओओएम किलर चालवतं, एक जड प्रोसेस जाते आणि मशीन शुद्धीवर येतं. सिसआरक्यू म्हणजे प्रिंटस्क्रीनचीच की, काही लॅपटॉपवर सोबत एफएन लागतो.

पण मिंट आणि उबुंटूवर हे दाबून काहीच होणार नाही, कारण तिथे कर्नल डॉट सिसआरक्यू १७६ असतं. हा आकडा बेरजेचा आहे, १२८ रीबूटचे, ३२ डिस्क रीड-ओन्ली करायचे, १६ सिंकचे. प्रोसेस मारायचे ६४ त्यात नाहीत. ते मिळवून २४० करा, सिसकंट्रोल डॉट डी मध्ये लिहून ठेवा, म्हणजे रीबूटनंतर पण राहील. आणि अगदीच बंद करायची वेळ आली तर ऑल्ट सिसआरक्यू धरून एस, यू, बी एकामागून एक, मध्ये दोनतीन सेकंद थांबत. डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून मग रीबूट होतं. फिरणाऱ्या डिस्कचा करंट लिहिता लिहिता तोडणं तिच्या तब्येतीला चांगलं नाही.

कर्नल ६.१ किंवा पुढचं असेल तर आणखी एक आहे. त्यात एमजीएलआरयू (कोणती पानं बाहेर काढायची ते ठरवायची नवी पद्धत) आलं, सिस फोल्डरात कर्नल, मग एमएम, मग एलआरयू-जेन, त्यात मिन-टीटीएल-एमएस नावाची फाइल मिळेल. तिथे १००० लिहिलं तर गेल्या एका सेकंदात वापरलेली पानं कर्नल बाहेर काढत नाही, आणि तेवढंही सांभाळता येत नसेल तर ओओएम किलरला बोलावतं. वर सांगितलेलं ते चक्र यात मुळातच तुटतं. एकाच फाइलीत एक आकडा, दुसरा प्रोग्राम नको, मला तरी अर्लीओओएमपेक्षा हे जास्त आवडतं. आधी तिथल्याच एनेबल्ड फाइलीत शून्य तर नाही ना ते बघा.

---

उघडे_टॅब

झेडरॅम लावलं, स्वॅपिनेस १५०, पेज-क्लस्टर ०. हॅशवाली गोष्ट आधी वाचली होती म्हणून वाचलो. आत्ता झेडरॅमकंट्रोल दाखवतंय डेटा १.६ जीबी, कॉम्प्रेस्ड ४८० एमबी. म्हणजे तिपटीहून जास्त! लिब्रेऑफिस उघडताना एखादा हुंदका येतो पण मशीन गोठत नाही, डिस्कचा दिवा शांत आहे. टॅब तेवढेच आहेत, हलकंफुलकं यांनी माफ करावं. सिसआरक्यू २४० करून ठेवलंय, मिन-टीटीएल पण लिहिलंय. अर्लीओओएमचं अजून ठरत नाहीये.

एक राहिलं. व्हिडिओ कॉल चालू असताना अजून अडखळतं, पण वेगळ्या प्रकारे, डिस्क शांत असते आणि पंखा जोरात सुरू होतो. आणि झाकण लावल्यावर हायबरनेट होतं ते झेडरॅमवर चालेल का?

---

पान_नंबर_शून्य

हायबरनेट झेडरॅममध्ये होऊच शकत नाही, करंट गेला की रॅम रिकामी. त्यासाठी डिस्कवरचं स्वॅपच लागतं, म्हणून पण ती फाइल ठेवायला सांगितली. २ जीबीची फाइल मात्र कमी पडेल, रॅमएवढी करून घ्या, आणि मोठी केल्यावर बूटमधला रिझ्यूम ऑफसेट (फाइल डिस्कवर कुठून सुरू होते तो आकडा) बदलतो तो नवीन टाकावा लागेल, नाहीतर झाकण उघडल्यावर सरळ नवीन सेशन दिसेल.

व्हिडिओ कॉलचं दुखणं आता सीपीयूचं आहे, मेमरीचं नाही. दोन गोष्टी बघा. झेडएसटीडीच्या जागी एलझेड४ करा, जरा कमी दाबतं पण जुन्या दोन कोरच्या सीपीयूला बरंच हलकं जातं. आणि ब्राउझरमध्ये व्हिडिओचं हार्डवेअर डिकोडिंग चालू आहे का ते तपासा, व्हीएइन्फो कमांड चालवून चिपला कोणकोणते कोडेक (व्हिडिओ दाबायच्या पद्धती, जसं व्हीपी९, एच२६४) येतात ती यादी इथे टाका. व्हीपी९ त्यात नसेल आणि कॉल व्हीपी९ मध्ये येत असेल तर सगळा भार सीपीयूवरच पडणार, मग एच२६४ कडे वळवता येतं का ते बघू.